दारातले तीन दगड

केडगावात आमच्या घराची पायरी तीन काळ्या दगडांची होती. बाकीचं सगळं घर बदललं, फरशी आली, वर मजला चढला, खाली माझं गॅरेज निघालं. पायरी मात्र वडिलांनी बसवलेली तीच राहिली. दगडांच्या कडांना बोट बसेल एवढ्या खोल खाचा होत्या, एकीशेजारी एक. चपलेचा चिखल काढायला वडिलांनी मुद्दाम पाडून घेतल्या असतील असं मी समजत होतो, आणि पावसाळ्यात त्यांचा तसा उपयोग व्हायचाही. माझी मुलगी मोटरसायकल घेऊन निघण्याआधी याच पायरीवर बसायची, एका खाचेत टाच रोवायची आणि आपल्या त्या अगडबंब बुटांचे पट्टे आवळायची.

मुलगी पंचवीस-सव्वीसची आहे. गॅरेजात माझ्या बरोबरीने काम करते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी पुण्या-नगरची माणसं जमवून त्यांना जिथे रस्ता नाही तिथे मोटरसायकली चालवायला घेऊन जाते. चांगला डांबरी रस्ता सोडून खड्ड्यात जायला लोक एवढ्या हौसेने का येतात, हे मला अजून पटलेलं नाही. गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडाशी. थाट लढाईला निघाल्याचा आणि पहिला मुक्काम मिसळीच्या हॉटेलात. मी मागून पिकअप घेऊन जातो. ट्यूबा, पाने, दोर, पाण्याचे जार, मलमपट्टीची पेटी असं सगळं माझ्याकडे. कुणाची गाडी बसलीच तर ती उचलून आणायची हे माझं काम.

त्या उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी फार खाली गेलं होतं. नेवाशापलीकडे ते गोदावरीच्या अंगाने पसरतं आणि मागे सरकलं की नजर पोचेल तिथवर उघडी जमीन पडते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला भेगाळलेला गाळ, मधे सावलीला एक झाड नाही. वाळवंटातल्या समुद्रकिनाऱ्यावर गेल्यासारखं वाटतं म्हणे, म्हणून मुलीने ती जागा निवडली होती. आमचं जुनं गाव तिथेच पाण्याखाली गेलेलं. गाव उठलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही.

आत्याला आठवतं. ती वडिलांची धाकटी बहीण, विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असते. गाव सुटलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आम्ही कुठे जाणार हे तिने आदल्या दिवशी ऐकलं, आणि पहाटे पाहतो तर बाई पिकअपमध्ये पुढच्या सीटवर पिशवी घेऊन बसलेली. मी म्हणालो, "आत्या, तिथे काय आहे आता? नुसता गाळ आहे."

"असंना," ती म्हणाली. "माज्या म्हायेरचा गाळ हाय. चल, गाडी काढ."

शिंगणापूरच्या फाट्यावर तिने हात जोडले. नेवाशात चहा पिताना मुलीने सगळ्यांना गोळा करून नियम सांगितला. एकूण आठ गाड्या, सगळ्यात पुढे ती. प्रत्येकाने आपल्या मागच्याचा दिवा आरशात धरायचा. मागचा दिवा दिसेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं, हाक नाही, फोन नाही. शेवटच्या गाडीने माझ्या पिकअपचे दिवे पाहायचे. मी म्हणालो, "आमच्या वेळी वरातीलासुद्धा एवढी शिस्त नव्हती." सगळे हसले. मुलगी नाही हसली. कामाच्या वेळी तिला माझी थट्टा आवडत नाही आणि तेच बरोबर आहे.

आठ-साडेआठला आम्ही गाळावर उतरलो. वारा नव्हता, त्यामुळे आठ गाड्यांनी उडवलेली धूळ खाली बसेना. तिच्यातून सूर्य पांढरा दिसत होता, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. पाण्याचा आणि आभाळाचा रंग एकच, कुठे काय संपतं ते कळत नव्हतं. टायरखाली शिंपले फुटत होते. गावाजवळ आलं की कुत्री धावून येतात, कोंबड्या पळतात. इथे काहीच नव्हतं, आणि तरी गावाजवळ आल्यासारखं वाटायला लागलं होतं. मग उजव्या हाताला एक बिनकळसाचं देऊळ दिसलं, अर्धं गाळात गेलेलं. त्याच्या पुढे घरांची जोती, ओळीने.

केडगावपासून आत्याच्या डोक्यावर पदर होता. देवळासमोर आल्यावर तिने तो खांद्यावर सोडला. मला आधी कळलं नाही, मग लक्षात आलं की लेकी माहेरच्या गावात डोक्यावर पदर घेत नाहीत. इतक्या वर्षांनी, त्या उजाड गाळात, तिने गावात शिरताना पदर सोडला होता.

"डावीकडनं घे," ती म्हणाली. "ही लोहाराची भिंत. त्येंच्या अंगनातनं गाडी घालू न्हाई."

तिथे वीतभर उंचीचे चार दगड होते. मी वळसा घेतला.

"हितं सुताराची म्हातारी ऱ्हाती. लई कजाग हाय. हळू."

ती 'होती' म्हणत नव्हती. सगळं 'हाय', सगळं 'ऱ्हाती'. मी जरा चिडूनच म्हणालो, "आत्या, कुणी राहत नाही इथे." तिने माझ्याकडे पाहिलं, मलाच काही ठाऊक नसल्यासारखं, आणि पुन्हा काचेबाहेर बघायला लागली.

तेवढ्यात पुढच्या गाड्यांचा आवाज बदलला. तोवर सगळे भेगांतून धडपडत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालले होते. आता गाड्या मोकळ्या पळू लागल्या. जोत्यांमधून एक कडक, गुळगुळीत वाट निघाली होती, हातभर रुंदीची, वर नुसती धुळीची साय. गाळातही ती मोडली नव्हती, एवढी तुडवलेली. मुलीला ती सापडली होती आणि तिच्यामागे सगळे एका रांगेत सुटले होते. धुळीत मला शेवटच्या गाडीचा लाल दिवासुद्धा धड दिसेना.

आत्याचा डावा हात कमरेवर गेला होता. कडेवर कळशी धरावी तसा, कोपरात वाकवून. तिच्या तोंडावर हसू होतं.

"समदीच निघाली की पान्याला," ती म्हणाली.

"कसल्या पाण्याला? पाणी तिकडे राहिलं, उजवीकडे."

"आरं आडाच्या. ही आडाची वाट. मी रोज धा खेपा करती हिच्यावनं."

मी विचारलं, "आत्या, आडाला कठडा आहे ना?"

तिचा हात कमरेवरून खाली आला. हसू गेलं. पहिल्यांदाच ती आजच्या दिवसात आल्यासारखी वाटली.

"हुता," ती म्हणाली.

मी हॉर्नवर हात दाबून धरला. आठ इंजिनं, आठ हेल्मेटं, कोण ऐकणार? फोनला रेंज नव्हती. गाडी पळवावी तर धुळीत शेवटच्या गाडीच्याच अंगावर जायची भीती. आणि माझे दिवे आरशात जवळ आलेले पाहून पुढचे उलट निर्धास्त होतील, हेही डोक्यात आलं. मग मुलीचा नियम आठवला. मी ब्रेक मारला आणि दिवे बंद केले. इंजिनही बंद केलं. जन्मभर बंद पडलेल्या गाड्या चालू करून पोट भरलं. चालती गाडी मुद्दाम बंद पाडायची ही पहिलीच वेळ. पोरीच्या मागे धावायचं सोडून मी धुळीत गाडीतच बसून राहिलो होतो.

मेकॅनिकला इंजिनं आवाजावरून कळतात. पहिल्यांदा सगळ्यात जवळचं थांबलं, तो पुण्याचा डॉक्टर. मग दुसरं. मग बराच वेळ काहीच नाही. मग तिसरं, चौथं, लागोपाठ. पाचवं. मी बोटं मोजत होतो. सहावं. सातवं थांबलं आणि उरला फक्त तिच्या गाडीचा आवाज. ते इंजिन मी स्वतः खोलून बांधलेलं, हजारात ओळखेन. ते चाललंच होतं. लांब, एकटं, एका लयीत. मी तोंडाने "थांब, थांब" म्हणत होतो, हे मला नंतर आत्याने सांगितलं.

मग तो आवाजही गेला, एकदम.

चावी फिरवून बंद केलेलं इंजिन आणि अडकून बंद पडलेलं इंजिन यांतला फरक मला झोपेतसुद्धा कळतो. त्या क्षणी कळला नाही. पाण्याकडून एका पक्ष्याचा आवाज आला आणि तोही थांबला. मी दार उघडून पळत सुटलो. माझ्या पुढे आत्या होती. ती कधी उतरली मी पाहिलं नव्हतं. चपला गाडीतच टाकून ती त्या वाटेवरून अनवाणी चालली होती, पायाखाली न बघता, आणि मला तिला गाठता येईना. थांबलेले रायडर एकेक करून धुळीतून दिसत गेले. कुणी काही विचारलं, मी पळतच राहिलो.

मुलगी गाडीशेजारी उभी होती, हेल्मेट काढून, भडकलेली. "पप्पा, दिवे का घालवलेत? काय झालं? आजी बरी आहे ना?" मी नुसता तिच्या दंडाला धरून उभा राहिलो. मला रडू येत होतं, आणि सात परक्या माणसांसमोर त्याची लाजही वाटली नाही.

आत्याने गाळाचं एक ढेकूळ उचललं आणि गाडीच्या पुढे टाकलं. पुढच्या चाकापासून चार पावलांवर ते जमिनीत गेलं. भोक पडलं, आणि जरा वेळाने खालून घुळुक असा जड आवाज आला. मग आम्हाला दिसलं. सगळीकडे गाळाच्या भेगा वेड्यावाकड्या पसरल्या होत्या. तिथे मात्र एक भेग गोल फिरली होती, परकाराने काढावी तशी. आत सपाट, वाळलेला, बाहेरच्यासारखाच गाळ. वाट थेट त्या गोलात शिरत होती.

"कठडा कुठे गेला, आजी?" मुलीने विचारलं.

आत्या काठाशी उकिडवी बसली होती. "ज्यानं त्यानं नेला. घरं मोडून ट्रकात घालत हुते, लाकडं, दारं, दगड. तीन मोठं दगड तुज्या आज्यानं काढलं. मी म्हनलं हुतं, दादा, आडाचं तोंड उगडं टाकू न्हाई. तर म्हनला, पानी येतंय, आता कोन पडनार हाय त्यात?"

"कसले दगड?" मी विचारलं. पण मुलीला माझ्याआधी कळलं होतं. ती आपल्या बुटाकडे बघत होती.

"दोरानं खाचा पडल्याल्या," आत्या म्हणाली. "त्यातल्या थोड्या माज्या दोराच्या हायत."

त्या दिवशी आम्ही लांबच्या काठावरून वाळक्या झाडाच्या फांद्या आणून तिथे रोवल्या, त्यांना एका रायडरचं लाल जॅकेट बांधलं आणि परत फिरलो. घरी आल्यावर मला पायरीवर पाय देववेना. मी गॅरेजातून आत गेलो. वडिलांचा मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना, कारण त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन पायरी उकरायला बसलो. शेजारी हसायला लागले. कुणी म्हणालं, दोन महिन्यांत तिथे पुन्हा पाणी येईल, मग कठडा हवाय कुणाला? मी पहार मारत राहिलो. एक दगड निघायला सकाळ गेली. तिन्ही निघाले तेव्हा दाराखाली मातीचा खड्डा उरला आणि त्यावर एक फळी टाकून आम्ही ये-जा करू लागलो.

पुढच्या रविवारी तीच सात माणसं आली, डॉक्टरसकट, मोटरसायकली घरी ठेवून. तिन्ही दगड आम्ही वाट जिथे आडाला मिळते तिथे बसवले, खाचा आतल्या बाजूला करून. उरलेला गोल पडक्या जोत्यांच्या दगडांनी पुरा केला. प्रत्येक दगड उचलण्याआधी आत्या तो कुणाचा ते सांगायची आणि त्या घराकडे तोंड करून म्हणायची, "नेती गं, आडाला लावती." कुणी हसलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दगडानंतर मुलगीही तसंच म्हणायला लागली.

निघताना मी दोर गुंडाळून पिकअपमध्ये टाकला आणि वळून पाहिलं. मुलगी त्या मधल्या दगडावर आडवी बसली होती, पाय शेजारच्या दगडावर घेऊन, टाच जुन्या खाचेत रोवून, बुटाचा सैल झालेला पट्टा आवळत. तिच्या अगदी शेजारी आड होता. उठ तिथून, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मग तिच्याखालचा, पुन्हा कठडा झालेला दगड दिसला. तिचा पट्टा आवळून होईपर्यंत मी थांबलो.