डिझेल गाडीचं पासिंग

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजोबांची जुनी डिझेल गाडी अजून चालते का? दिल्लीत दहा वर्षांपुढची डिझेल गाडी चालवता येत नाही, म्हणून तुमच्या बाबांनी चांगली धडधाकट गाडी विकून टाकली. तीही बहुधा आमच्याच बाजूला कुठे तरी आली असेल. इथे निलंगा रस्त्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तरी तुमच्याहून वयानं मोठ्या डिझेल गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. लग्नाला त्याच, दवाखान्याला त्याच. त्यांना कुणी जुनी म्हणत नाही. ॲव्हरेज चांगलं देतात म्हणे.

तेव्हा मी नुसतं ‘चालते’ म्हटलं. शेजारी आजोबा बसले होते, पुढचं बोलता आलं नाही.

आजोबांना डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. काचबिंदू. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. पण मंगळवारी आणि शनिवारी देवणीकडच्या शेतावर जायचंच, आणि स्वतः चालवतच. ड्रायव्हर ठेवू म्हटलं की, “माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात नको,” एवढंच उत्तर. म्हणून मी शेजारी बसते आणि सांगत राहते: डावीकडे सायकल, पुढे बैलगाडी, खड्डा. एकदा मी गेले नाही. ते डाव्या बाजूचा आरसा तुटलेली गाडी घेऊन परत आले, आणि आरसा कशाला लागला हे त्यांना सांगता येईना. त्यानंतर मी एकही वार चुकवलेला नाही. तुमच्या बाबांना कळवीन म्हटलं, तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आता तपासणी करून नोंदणी नव्यानं करावी लागते. तपासणीत नापास झाली, तर प्रश्न आपोआप मिटेल, भांडणही होणार नाही, अशी माझी आशा होती. आजोबांबरोबर गाडीच्या मिस्त्रीकडे जाऊन चौकशी केली.

“पास होईल का हो?”

“आजी, इंजन लई दमदार हाय. दिल्लीवाल्यांनी फेकावं अन् आपण पळवावं! मी काम करायलोय ना, मग पास कशी होत न्हाई?”

आजोबा खूश झाले. मी घरी आले आणि फाइल काढली. इंग्रजी येतं म्हणून घरातले सगळे फॉर्म लग्नापासून माझ्याकडे आहेत. त्या फाइलमधून मी पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र काढलं आणि साड्यांच्या कपाटात ठेवलं. असं काम मी आयुष्यात प्रथमच केलं.

पासिंगच्या मैदानावर गाड्यांची रांग होती, सगळ्या आमच्या गाडीच्या वयाच्या. एजंटनं फाइल चाळली.

“पीयूसी दिसंना की, काकू.”

“नसेल,” मी म्हटलं.

“हिची फाइल अन् कागद नाही?” आजोबा हसले. “अहो, ही वाण्याची यादीसुद्धा पंच करून ठेवते.”

एजंटनं गाडीचा नंबर मोबाइलमध्ये घातला. “हाय की! गेल्या महिन्यात काढलंय. मुदत संपायच्या आधीच. काकू, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पायजे.”

काढून आणलं होतं मीच. तारीख जवळ आली की मला राहवत नाही.

अधिकाऱ्यानं दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, चेसिसचा नंबर ताडून पाहिला. चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे कुणी पाहिलं नाही. ते त्याचं कामही नव्हतं. पाच वर्षं वाढवून मिळाली. मिस्त्रीला फोन लावून आजोबा म्हणाले, “जिंकलो बाबा!”

मी गाडीत बसले. घरी कपाटाशी जो धीर होता, तो पुन्हा गोळा केला.

“अहो, गाडी पास झाली. तुमचं काय?”

त्यांनी गाडी चालू केली. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मला कशाला पास व्हायचंय?” ते हळूच म्हणाले. “तू आहेस ना.”

चाळीस वर्षांत त्यांनी माझं असं कौतुक केल्याचं आठवत नाही. समोरून आलेल्या गाडीनं हॉर्न दिला. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवून मागची काच नीट पाहिली.

“या मागे,” मी म्हटलं. “अजून थोडं. या.”