अण्णांचा तोफखाना

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बहारीनला आणलं. बायको-मुलं साताऱ्याला, त्यामुळे तिथल्या गुदैबिया भागातल्या फ्लॅटमध्ये मी एकटाच राहायचो. शुक्रवारी दुपारी ऑफिसातले दोघे यायचे. एक पुण्याचा इंजिनिअर, आणि दुसरे रत्नागिरीकडचे, स्टोअर सांभाळणारे, वयाने मोठे; त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. तिघं मिळून आम्ही नेपोलियनच्या काळातली एक इंग्रजी मालिका बघत होतो. स्पेनच्या डोंगरातून तोफा ओढत नेणारी एक तुकडी, चिखल, धूर, आरडाओरडा. आम्ही अगदी रंगून जायचो.

पहिल्याच शुक्रवारी अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. मधेच म्हणाले, "एवढ्या माणसांचं जेवण कोण करतं रं? चूल कुठं दिसंना."

इंजिनिअर हसला. "काका, तुम्ही फौजेत होता ना? हा सांगत असतो आम्हाला. कशात होतात?"

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "तोफखान्यात."

अण्णा फौजेत लंगरात होते. स्वयंपाकी. वीस वर्षं त्यांनी जवानांना जेवू घातलं. गावात मी हे कधी लपवलं नव्हतं, लपवणार तरी कुणापासून? पण इथं येऊन 'वडील आर्मीत होते' एवढंच सांगायची सवय लागली होती, आणि ऐकणारे पुढचं आपापल्या मनाने ठरवायचे. ते मला आवडायचं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "व्हय. तोफखान्यात."

आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या शुक्रवारी पडद्यावर तोफ उडाली की इंजिनिअर विचारायचा, "काका, असाच आवाज यायचा का?" अण्णा नुसती मान हलवायचे. तिसऱ्या शुक्रवारी पाहुणे यायच्या आधीच त्यांनी चपला घातल्या. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मग ते दर शुक्रवारी जाऊ लागले. एकदा चाचा उशिरा आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझे वडील खालच्या हॉटेलात भट्टीपाशी बसलेत. लंगरातल्या गोष्टी सांगतायत. लय रंगलेत." पुढे काही बोलले नाहीत. इंजिनिअरला तर अजिबात नाही.

मालिका तशीच सोडून मी खाली गेलो. हॉटेलातले दोन आचारी कणीक मळायची थांबवून ऐकत होते. अण्णा हात हलवत, फौजी हिंदीत सांगत होते की बर्फातल्या चौकीवर कणीक दगडासारखी व्हायची, म्हणून ते ती कपड्यात गुंडाळून कोटाच्या आत पोटाशी धरून बसायचे. आचारी खदाखदा हसत होते, अण्णाही. ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती.

तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते चोरी पकडल्यासारखे उठले आणि हळूच मला म्हणाले, "ह्यांच्यात तुझ्या वळखीचं न्हाई कुणी. म्हणून बोललो."

"बसा ना अण्णा," मी म्हणालो. ते बसले नाहीत.

त्याच दिवशी वर जाऊन दोघांसमोर खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्यांना सोडायला विमानतळावर जाताना गाडीत कसाबसा म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी चुकलो." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुझी इज्जत हाय इथं," म्हणाले, आणि पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवलाय ते चाचपू लागले.

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी मी इंजिनिअरला सांगून टाकलं. तेव्हा सांगायला काही धाडस लागत नव्हतं, अण्णा समोर नव्हतेच.

"स्वयंपाकी होते?" तो म्हणाला. "मग आधी बोलायचं ना! दोन महिने आपण बाहेरून बिर्याणी मागवत बसलो."

तो अगदी सहज बोलला. मी टीव्हीचा आवाज वाढवला.