पद्मजाताई शेवटपर्यंत कामावर होत्या, म्हणे

पद्मजाताई गेल्याची बातमी मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. मालकांनी ताईंचा हसरा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं : 'शेवटपर्यंत कामावर निष्ठा ठेवणारी आमची ताई.' त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मी तेव्हा कुपवाडच्या चौकात गाडी बाजूला घेऊन उभा होतो. रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. 'शेवटपर्यंत' या शब्दाचा राग. काही आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पद्मजा मगदूम सांगलीजवळच्या एका गावातल्या जैन शेतकरी घरातल्या. घरी ऊस, हळद. त्या इंजिनिअर झाल्या, पुण्यात नोकरी केली आणि आईवडील थकले म्हणून परत आल्या. मी मूळचा वडूजचा, फौजेतून सिग्नल विभागातून सुटून आलेला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. दवाखाने, दूधसंघ, शाळा यांचा संगणकातला सगळा माल, म्हणजे नोंदी, हिशेब, एक्स-रे, आम्ही सांभाळतो. अनेक सर्व्हरांमधल्या डिस्का एकत्र बांधून त्यांचा एक मोठा साठा केलेला असतो आणि त्यातून प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक 'इमेज' दिलेली असते. नाव इमेज, पण तो फोटो नव्हे. ती एक आख्खी डिस्कच असते, फक्त हाताला लागत नाही. दवाखान्याच्या मशीनला वाटतं डिस्क आपल्या पोटात आहे. खरं तर तिचे तुकडे आमच्या सर्व्हरांत विखुरलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी. इमेज बनवायची, मोठी करायची, तिचा स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे ती त्या क्षणी जशी होती तशी गोठवून ठेवायची, नको झाली की काढायची... हे सगळं काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून. ते ताई करायच्या. एकट्या ताई.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एक रिकामी इमेज सरावाला दिली. मी ती वाढवली, मग ऐटीत परत लहान करायला गेलो. कमांडनं नकार दिला. खरंच लहान करायचं असेल तर तसं वेगळं लिहून सांगावं लागतं. मी ते लिहिणार, तेवढ्यात ताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "वाढवताना कुणी रडत न्हाई, दत्ता. कमी करताना शेवटाला काय हाय ते आदी बघावं. ते कापलं जातंय." आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी चार वर्षांत त्यांना कुणावर ओरडताना ऐकलं नाही. आता वाटतं, एकदा तरी ओरडायला हवं होतं त्यांनी.

मालकांना इमेजचं एक वैशिष्ट्य फार आवडायचं. इमेज कागदावर कितीही मोठी दाखवता येते. खरी जागा ती आत माल पडेल तशीच खाते. मग काय, मालकांनी असेल त्याहून कितीतरी जास्त जागा गिऱ्हाइकांना देऊन टाकली. ताई सांगत राहिल्या, की माल भरत चाललाय, नव्या डिस्का घ्या. एका हद्दीनंतर साठा लिहून घेणंच बंद करतो, मग सगळ्यांचीच मशीनं एकदम अडकतील. दुसरं सांगायच्या, की माझ्याशिवाय आणखी एका माणसाला अधिकार द्या, मी दत्ताला शिकवलंय. मला तेव्हा फक्त बघायचा हक्क होता. मालकांचं उत्तर ठरलेलं : शिकलेला माणूस पुण्याला पळतो, आणि सध्या चाललंय ना? सध्या चाललंय ना... असं म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

मग ताईंना कॅन्सर निघाला. सांगलीतच उपचार सुरू झाले. सुट्टी मिळाली, पण कशी, तर 'घरून बघत जा' अशी. केमोनंतर दोन दिवस त्यांना भाकरीचा वास सोसायचा नाही, आणि फोन मात्र उशाशी.

एका सोमवारी सकाळी साठा भरला. लिहिणं थांबलं. सातारा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यातून फोन आला, की मशीन अडकलंय, जुने एक्स-रे, सोनोग्राफी काहीच उघडत नाही. कोयनानगरकडून लांबून आलेले पेशंट तिथं बाकड्यांवर बसून होते. दवाखान्यानं घाबरून मशीन बंद केलं. आणि इकडं मालक स्वतः ताईंच्या खुर्चीत बसले, जागा करायला. जी इमेज कुणी वापरत नाही असं दिसेल ती काढायची, असं त्यांनी ठरवलं. मशीन बंद असल्यामुळं दवाखान्याची इमेजही तशीच दिसत होती. मी म्हणालो, थांबा, ही दवाखान्याची आहे. ते म्हणाले, तू बघायला आहेस, बघ. आणि एंटर दाबलं.

ती इमेज वाचली ती ताईंमुळं. त्यांनी मालकांच्या खात्यावर अशी सोय करून ठेवली होती, की काढलेली इमेज थेट नष्ट होत नाही, आधी कचरापेटीत जाते. पण कचरापेटीतल्या मालानंही जागा अडतेच. त्यामुळं जागा काही मोकळी होईना, आणि मालक चिडून पेटीच रिकामी करायला निघाले. मी मध्ये उभा राहिलो. शब्दाला शब्द वाढला. शेवटी त्यांनी माझ्या हातात लॅपटॉप दिला आणि म्हणाले, जा, ताईंकडून करून घे.

मी गेलो. ताई केमोच्या वॉर्डात खुर्चीवर होत्या. डाव्या हाताला सलाईन, डोक्याला रुमाल. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पेटी रिकामी न्हाई न्हवं केली?" मी नाही म्हटल्यावर लॅपटॉप मांडीवर घेतला. मी कचरापेटीतली यादी वाचत गेलो आणि त्या उजव्या हातानं टाइप करत गेल्या. दवाखान्याची इमेज परत जागेवर आणली. मग साठ्याची हद्द जराशी वर सरकवली आणि मुदत संपलेले स्नॅपशॉट, सरावाच्या जुन्या इमेजा एकेक करून काढायला घेतल्या. मध्येच उलटी झाली. मी भांडं धरलं. तोंड पुसून त्या म्हणाल्या, "फुडचं नाव वाच." सिस्टर आल्या आणि माझ्यावर कडाडल्या, की हा वॉर्ड आहे, तुमचा कारखाना नाही. त्या दिवशी खरं बोलणारं माणूस तेवढं एकच. मी मान खाली घातली. दुपारी दवाखान्यातून निरोप आला, चालू झालं. मालकांनी ताईंना फळांची टोपली पाठवली आणि गिऱ्हाइकांना कळवलं, की आमच्या टीमनं तातडीनं अडचण दूर केली. टीम...

त्यानंतर ताई फार दिवस राहिल्या नाहीत.

शोकसभेत मालक बोलायला उभे राहिले. हातात सलाईन असताना आमच्या ताईंनी दवाखाना वाचवला, याला म्हणतात कर्तव्य, असं म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. पुढच्या रांगेत ताईंचे वडील, आप्पा, बसले होते. त्यांनी मागं वळून मला विचारलं, "कवाची गोष्ट ही?" त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ताईंनी घरी सांगितलंच नव्हतं.

मग मी उठलो. मी भाषण करणारा माणूस नाही. म्हणालो, "ताई कर्तव्य म्हणून टाइप करत नव्हत्या. दुसऱ्या कुणाला तुम्ही अधिकार दिला नव्हता, म्हणून करत होत्या. त्यांना तसं मरायला लावलं, त्याचं कौतुक करू नका." मालक पाणी प्यायले. बाहेर पडताना आप्पांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बोललास ते बरं केलंस. मला वाटत हुतं, पोरगी फोनवर मैत्रिणींसंगं बोलतीया." एवढं बोलून ते एस.टी. स्टँडकडं चालू लागले. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावून सगळे अधिकार देऊ केले. मी एकट्यानं घ्यायला नकार दिला. तिघांना द्या आणि डिस्का मागवा, नाहीतर मी वडूजला चाललो, असं सांगितलं. गिऱ्हाइकं कुजबुजू लागली होती म्हणून असेल, त्यांनी ऐकलं. आता डिस्का आल्या आहेत, आणि मी आणि ऑफिसातले स्वाती, इरफान असे तिघं आळीपाळीनं काम बघतो. ताई असताना हे का होऊ शकलं नाही, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

ताई धर्मानं सूर्यास्ताआधी जेवायच्या. ऊन खिडकीवरून उतरायला लागलं की त्या डबा उघडायच्या. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी. तेवढा वेळ फोन टेबलावर पालथा. कुणाचाही असो, त्या उचलायच्या नाहीत. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. आम्ही तिघं जैन नाही, पण आम्हीही आता त्याच वेळेला जेवतो, त्याच टेबलावर, फोन पालथे घालून. परवा मालकांचा फोन वाजत राहिला. इरफाननं माझ्याकडं बघितलं. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, "वाजू दे."