मझौलीहून आलेला हल्ला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती माझ्या शेजारी बसून टीव्ही पाहते, ते प्रशस्तिपत्र टीव्हीच्या अगदी वर टांगलेलं आहे — म्हणजे रोज डोळ्यांसमोर — तरी नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. आणि वाचताना मान हलवून ‘होतं हो असं’ म्हणायचं असेल, तर आत्ताच उठा. तसली सोबत मला नको आहे.

जबलपूरच्या एका खाजगी कॉलेजात मी नेटवर्क सांभाळतो. वीस वर्षं होत आली. आमचं काम कसं असतं — सगळं चालू असतं तेव्हा आम्ही कुणाला दिसत नाही, आणि बंद पडलं की शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना आमचं नाव आठवतं. रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढे लागेल, म्हणून सांगतो.

त्या वर्षी कॉलेजने प्रवेशाचे अर्ज पूर्णपणे ऑनलाइन केले आणि नवे राऊटर आणले. त्यांच्यावर हल्ल्यापासूनचं संरक्षण बसवायचं काम माझं. हल्ला म्हणजे काय? कुणीतरी एकाच वेळी हजारो खोट्या मागण्या सर्व्हरकडे पाठवतो. लग्नाच्या हॉलच्या दारात हजार रिकामटेकडे आणून उभे केले, तर खऱ्या पाहुण्याला आत शिरता येईल का? तसंच. मग राऊटरला सांगून ठेवायचं — एका पत्त्यावरून (पत्ता म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा नंबर) एका सेकंदात ठरलेल्या मर्यादेहून जास्त मागण्या आल्या, तर तो पत्ता बंद. मी स्वतः उघडेपर्यंत बंद. नियम चोख होता. आजही म्हणतो, चोख होता. राऊटरला कुणी नावं ठेवायची नाहीत.

पण एक पत्ता म्हणजे एक माणूस, असं नसतं. मझौलीला आमचं अर्ज भरायचं केंद्र होतं. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं तिथे यायची. चौदा कॉम्प्युटर, कनेक्शन एकच. म्हणजे राऊटरला ती चौदा मुलं मिळून एकच माणूस दिसणार. अशा ठिकाणांसाठी सूट यादी असते. तिच्यात पत्ता टाकला की राऊटर त्या वाटेला जात नाही. एका ओळीचं काम आहे. एका ओळीचं!

केंद्र चालवायच्या सुनंदाताई. मूळच्या वर्ध्याकडच्या, लग्न होऊन मझौलीत आलेल्या. केंद्र उघडलं तेव्हा जोडणी करायला मीच गेलो होतो. माझं आडनाव ऐकलं आणि बाई एकदम मराठीत सुरू — “अहो भाऊ, मंग इतका वेळ हिंदीत काहून बोलून राहिले?” आमच्याकडे हे असंच होतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि बाहेर कुणी आपल्यातलं निघालं की त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मला त्यांनी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा वाढला. दोनदा घेतला मी.

जेवण झाल्यावर त्यांनी मुलांकडून सराव करून घेतला, आणि तिथे मी त्यांची एक रीत पाहिली. अर्ज भरून झाला तरी कुणी एकट्याने शेवटचं बटण दाबायचं नाही. सगळ्यांचे अर्ज तपासून व्हायचे, चौदाही जण तयार व्हायचे, मग ताई दारात उभ्या राहून म्हणायच्या, “गणपती बाप्पा —” आणि पोरं “मोरया!” म्हणून एकदम दाबायची. काहून, तर एकट्याने दाबताना पोरं भिऊन राहतात म्हणे. त्यांतल्या अर्ध्यांच्या घरी मराठीचा म सुद्धा नव्हता, पण मोरया खणखणीत. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही ओरडलो होतो. हे लक्षात ठेवा.

नवे राऊटर लागले तेव्हा ताईंनी केंद्राचा पत्ता कागदावर लिहून पाठवला, वर फोनही केला. मी म्हटलं, “झालंच समजा, ताई.” कागद ड्रॉवरमध्ये टाकला. आणि विसरलो. हा निव्वळ आळस. हा गुन्हा मी लपवला नसता — एवढ्या तेवढ्यासाठी कोण तोंड लपवतं?

अर्जांचा शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी सहाची. सव्वातीनला राऊटरचा इशारा आला — माझ्या मेलवर आणि डायरेक्टरांच्याही. हल्ला ओळखला, पत्ता बंद केला. मी नोंदी उघडल्या. पत्ता मझौलीचा. सगळ्या मागण्या एकाच सेकंदाच्या. मग जरा थांबून पुन्हा तशाच, पुन्हा एका सेकंदात. ओळखायला किती वेळ लागला? लागलाच नाही हो. मला कानात मोरया ऐकू आलं. खोटं वाटेल, पण आलं.

दोन मिनिटांत पत्ता मोकळा करता आला असता. माझा हात कीबोर्डवर होता. तेवढ्यात डायरेक्टरांचा फोन. “अटैक था क्या?” — आणि त्या आवाजात काहीतरी होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सगळं चालू असताना, कुणीतरी मला फोन केला होता. कौतुकाने.

मी म्हटलं, “जी सर. रोक दिया.”

बस. एवढंच. आणि एकदा हल्ला म्हटल्यावर हल्लेखोराला दार कसं उघडायचं, सांगा? सहा वाजायला पावणेतीन तास होते. मी खुर्चीत बसून राहिलो. पोरं पुन्हा पुन्हा दाबत होती, नोंदी माझ्यासमोर वाढत होत्या, आणि मी चहा मागवला. प्यायलो. दुसरीकडून अर्ज पाठवायची सोय त्यांना नव्हती, कारण केंद्राचं खातं त्याच कनेक्शनवरून उघडेल असा नियम — तोही माझाच.

ताईंचे फोन येत राहिले. पाचच्या सुमाराला एकदा उचलला. “भाऊ, खरंच आमच्याकडून काही हल्ला-बिल्ला झाला का हो? ऑफिसवाले तसंच म्हणून राहिले. पोरं रडून राहिली इथं.”

साधा प्रश्न होता. झाला का, नाही झाला. मी काय केलं माहीत आहे? हिंदीत शिरलो. “देखिए मैडम, जाँच चल रही है. अभी कुछ नहीं कह सकते.” ज्या बाईच्या हातचा रस्सा दोनदा घेतला, तिला मॅडम. मग त्याही हिंदीत म्हणाल्या, “जी, ठीक है.” त्या ‘जी’नंतर मी फोन ठेवला, त्यांनी नाही.

सहा वाजले. मझौलीचे अर्ज गेले नाहीत. त्या मुलांचं ते वर्ष आमच्या कॉलेजपुरतं संपलं. केंद्राची मान्यता काढली. मझौलीच्या बाजारात ताईंना हॅकरवाली दीदी म्हणू लागले, आणि काही महिन्यांत केंद्राची पाटीही उतरली. मला सव्वीस जानेवारीला स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ आणि ते प्रशस्तिपत्र. नारळाची घरी चटणी झाली. चवीने खाल्ली मी.

आता तुम्ही मला वाट काढून द्याल. वरून दबाव असेल ना? नव्हता. नोकरी गेली असती? मुळीच नाही, डायरेक्टर भला माणूस आहे, पाच मिनिटं ओरडला असता आणि मुदत वाढवली असती. घाबरला असशील? नाही हो, घाबरलो नव्हतो! मला हुशार दिसायचं होतं. त्या एका फोनमधलं कौतुक हातचं सोडवेना. यापेक्षा मोठं कारण मी फार शोधलं, पण सापडलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

गेल्या दिवाळीआधी इथे जबलपुरातच, गोरखपूर भागातल्या बाजारात ताई भेटल्या. पणत्या घेत होत्या. मी वळून जाणार होतो, त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, “बरं झालं भाऊ, तुम्ही होते. नाही तर पोलिसात गेलं असतं प्रकरण. तुम्हीच मिटवलं असंन, मला माहीत आहे.” बाई माझे आभार मानत होती. आणि मी ते घेतले. “अरे, कोई बात नहीं दीदी,” म्हटलं. पुन्हा हिंदीत. तिथेच, पणत्यांच्या ढिगाऱ्याशेजारी, मला माझी शिसारी आली.

त्या दिवसाच्या नोंदी मी पुसल्या नव्हत्या. आज सकाळी त्या छापून, ड्रॉवरमधल्या त्या कागदासकट, हिंदीत सगळं लिहून पाकीट डायरेक्टरांच्या टेबलावर ठेवून आलो. खाली सही केली, पूर्ण नावाने. त्यांना जे करायचं ते करू देत. प्रशस्तिपत्रही संध्याकाळी उतरवणार आहे; बायको विचारेल, तेव्हा सांगेन.

पण हे मराठीत लिहिलंय, कारण एक उत्तर मराठीत द्यायचं राहिलं होतं. ताई, तुम्ही विचारलं होतं, खरंच आमच्याकडून हल्ला झाला का. नाही झाला. तुमची पोरं मोरया म्हणत होती. आणि ते मला तेव्हाच माहीत होतं.