न्हाणी नसलेलं तळं

भाट्याच्या खाडीतल्या जुन्या कुर्ल्या, तुमच्या भाषेत खेकडे, तुम्ही पाहिल्याच नाहीत. आमच्या आजोबांनी एकीच्या पाठीचं कवच इरलं म्हणून डोक्यावर घेऊन दोन पावसाळे लावणी केली. शपथेवर सांगतो; शपथ कुणाची ते विचारू नका. पण एकोणीसशे तिसाच्या आगेमागे मी कचेरीत चिकटलो, तोवर खाडीत बोटभर पिल्लंच उरली होती. कारण आम्हीच. जो तो बाजारात अंड्यांनी भरलेली मादीच मागायचा, आणि पुढची पिढी रश्श्यातच संपायची.

बायकोचा धाकटा भाऊ तेव्हा मुंबईच्या गिरणीतून खोकत परत आला होता. वैद्य त्याला म्हणाले, "पुन्हा त्या कापसात गेलास, तर येताना चौघांच्या खांद्यावरून येशील." म्हणून त्याने दसऱ्याला खाजणाच्या कडेला भरतीचं पाणी घेणारं तळं बांधलं. पिल्लं सोडायची, पोसायची, मोठी करून विकायची. साधलं तर घरी, नाहीतर गिरणी.

सल्लागार अर्थात मी. मी कुर्ल्यांवर बोलू लागलो की ऐकायला ओहोटीसुद्धा थांबायची. "कुर्ली पळते ती बिळातून," मी सांगितलं. "सगळी बिळं बुजव." बिचाऱ्याने पंधरा दिवस चिखल तुडवून तळ असा गुळगुळीत केला की वर रांगोळी तेवढी घालायची राहिली.

खाडीत कुर्ल्या धरणारी एक म्हातारी बांधावरून बघत होती. "अंगण झ्याक केलंस रे मेल्या," ती म्हणाली. "पर न्हाणी कुठाय?"

मी इतका हसलो की पार आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावरचे बगळे उडाले असतील.

पिल्लं सोडल्यावर दोन महिन्यांनी काठाला रिकाम्या कुर्ल्या लागू लागल्या. पाय, नांग्या सगळं जागच्या जागी, आत काही नाही. मेहुणा चिखलात बसून रडला. म्हातारीने एक उचलून उन्हात धरली.

"मेल्या, ही मेली न्हाय, वाढलीय! कात टाकलीन् तिनं."

मेहुण्याने डोळे पुसले. मी तर तिथल्या तिथे गावजेवण जाहीर केलं.

"मग ती गेली कुठे?" त्याने विचारलं.

कात टाकलेली कुर्ली लोण्यासारखी मऊ असते. नवं कवच कडक होईस्तोवर ती बिळात दडून राहते. आमच्या तळ्यात दडायला बोटभर जागा नव्हती.

"बाकीच्यांच्या पोटात," म्हातारी म्हणाली. "न्हाणी कुठाय म्हनून इचारलं नव्हतं मी? अंगावरचं उतरवायला आडोसा नको?"

मग आम्ही पहारीने, काठ्यांनी, शेवटी हातांनी बिळं पाडली. उशीर झाला होता. एक नर उरला. रेड्याएवढा, असं मी कचेरीत सांगतो, होता तळहाताएवढा. तो आम्ही खाल्ला. मेहुण्याने घास उचलला नाही.

शिमगा झाल्यावर तो बोटीने निघाला. मांडवी बंदरात, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात त्याने पाय टाकण्याआधी मी म्हटलं, "जप हो. धुळीपासून लांब राहा."

तो खोकला, मग हसला. "कुठे राहू, भावोजी? तुम्हीच सांगा जागा."

मी त्याची ट्रंक उचलून पडावात ठेवली. तीन पावसाळ्यांनी ती ट्रंक तेवढी परत आली. गावच्याच एका माणसाने आणून ओटीवर ठेवली, आणि पाणीही न पिता निघून गेला.