हाताला ठाऊक होतं

मिस्त्रीने चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून आपलं आयुष्य बसून गेलं, असं तो हसत सांगायचा. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की तो म्हणायचा, "जरा चालवा बघू." खडखड ऐकायची आणि निकाल द्यायचा, "शटल झिजलंय," नाहीतर, "काही झालेलं नाही, तेल घाला आणि घरी जा." या दुसऱ्या वाक्यामुळे धंदा कधी वाढला नाही, पण नाव मात्र झालं.

पुढे तयार कपड्यांचा सुळसुळाट झाला, घरोघरच्या मशिनी पलंगाखाली गेल्या आणि दुकानाला कुलूप लागलं. मिस्त्री घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसू लागला. त्याच सुमारास त्याच्या भाचीची नोकरी गेली. मामाच्या माळ्यावर सुट्या भागांचे डबे होते. तिने सहज त्यातल्या एका भागाचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. चौथ्या दिवशी कुठल्याशा गावच्या शिंप्याचा निरोप आला, की हे बॉबिन केस मी सहा वर्षं शोधतोय.

तिथून ऑनलाइन दुकान उभं राहिलं. सात वर्षांत तीन खोल्या झाल्या, सहा माणसं कामाला लागली आणि एक अख्खी भिंत लहान लहान खणांनी भरली. भंगारातून मशिनी यायच्या, मिस्त्री त्या सोडवायचा, भाग खणांत जायचे. गिऱ्हाइकं मोडक्या तुकड्याचे अंधुक फोटो पाठवत. मिस्त्री फोन हातभर लांब धरायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "याचं शिंग घड्याळात अकरा वाजल्यासारखं डावीकडे झुकलंय, एकवालं चालणार नाही. तिसरी ओळ, खालून दुसरा खण." पॅकिंग करणारी बाई तिथून तो भाग काढायची. त्यात कधी चूक म्हणून निघाली नाही.

भाचीने वेबसाइट तीनदा बदलली, जाहिराती दिल्या, फोटोंसाठी भारी कॅमेरा आणला. कोणीतरी तिला म्हणालं होतं, "मामांकडचं सगळं एकदा लिहून घे." ती हे मामालाच बोलली, तर तो म्हणाला, "मी काय उद्या मरतोय?" तीही हसली. विषय तिथेच राहिला.

तो मेला नाही. एका सकाळी त्याने फोटो पाहिला आणि त्याला काहीच आठवलं नाही. तुकडा ओळखीचा होता, पण नाव जिभेवर येईना आणि खणही दिसेना. "चहा घेऊन येतो," म्हणून तो उठला, आणि परत येईपर्यंत आठवलं. पुढच्या आठवड्यात चहा घेऊनही आठवलं नाही.

मग त्याने एक युक्ती काढली. फोन पॅकिंगवालीपुढे धरायचा आणि मास्तरासारखं विचारायचं, "सांग बघू, तुला काय वाटतं?" ती बिचारी खूष. चार वर्षं खण उघडून उघडून तिला पुष्कळ कळत होतं. ती सांगायची, तो मान डोलवायचा, माल जायचा. पण पुष्कळ म्हणजे सगळं नव्हे. महिन्यात दोन पार्सलं परत आली, पुढच्या महिन्यात नऊ.

भाची वैतागली होती ती पॅकिंगवालीवर. "लक्ष कुठे असतं तुमचं?" असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. पॅकिंगवालीने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने मान खाली घातली आणि एक स्क्रू उगाच पुसत बसला. तो दिवस त्याला नीट आठवत राहिला, आणि नेमका तोच विसरला असता तर बरं झालं असतं.

मग एक फोन आला. एका बाईचा, मिस्त्रीशीच बोलायचंय म्हणणारा. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या मशीनवर चाललेलं. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं होतं आणि इथून दोनदा चुकीचं शटल गेलं होतं.

"काम गेलं काका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही आहात म्हणून मी दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही."

"आज पाठवतो," तो म्हणाला आणि भिंतीपाशी गेला. खण ओढला. आत तीस-चाळीस लोखंडी तुकडे होते. एकेक उचलून पाहिला, हातात फिरवला. ज्यांच्यावर पोट भरलं, ते सगळे परक्यासारखे पडून होते. शेजारचा खण ओढला, तिथेही तेच. पॅकिंगवालीने हळूच येऊन खण लावले आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

घरी बायकोने विचारलं नाही. तिला आधीपासून कळलं होतं. मागच्या महिन्यात तिच्या मशीनमध्ये दोरा ओवताना तो मध्येच थांबला होता आणि तिने काही न बोलता उरलेला दोरा ओवला होता.

"भाचीला सांगा," ती म्हणाली.

"सांगून ती काय करणार?"

"न सांगता तरी काय करणार आहे?"

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. भाचीला आधी ते खोटंच वाटलं, मग राग आला. "इतके दिवस गप्प बसलास मामा? त्या पॅकिंगवालीला मी नाही नाही ते बोलले." आणि मग ती एकदम खाली बसली. "अख्खी भिंत तुझ्या डोक्यात आहे. बाहेर नुसते डबे आहेत." डॉक्टरांनी तपासलं. हे थांबणारं नाही, जे करायचं ते लवकर करा, असं म्हणाले.

मग धावाधाव सुरू झाली. भाचीने कॅमेरा लावला. पॅकिंगवाली एकेक भाग पुढे ठेवी, भाची विचारी, मिस्त्री सांगे. पहिल्या आठवड्यात दोनशे भाग झाले. तिसऱ्या आठवड्यात तपासणी केली तर एकाच शटलला त्याने तीन दिवसांत तीन नावं दिली होती, तिन्ही तितक्याच ठामपणे. भाचीने डोकं धरलं. खरं कुठलं हे ठरवणारा माणूस एकच होता, आणि तो समोर बसून तिच्याकडे अपराध्यासारखा बघत होता. इकडे गिऱ्हाइकं वाईट अभिप्राय लिहीत होती. दोन माणसं कमी करावी लागली, एक खोली सोडावी लागली.

त्या गणवेशवाल्या बाईला भाचीने योग्य शटल शोधून पाठवलं, माफीची चिठ्ठीही घातली. पार्सल न फोडता परत आलं. वर लिहिलं होतं, मशीन विकली.

पुढचं पॅकिंगवालीच्या लक्षात आलं. मिस्त्री नाव चुकीचं सांगत होता, पण तोच भाग त्याच्या हातात देऊन समोर मशीन ठेवली की हात आपोआप चालत. बसणारा भाग बसे, न बसणारा तो बाजूला सारत असे, तोंडाने भलतंच बोलत असताना.

"ताई, मामांना विचारूच नका," ती भाचीला म्हणाली. "त्यांना नुसतं काम करू द्या. मी बघते."

मग बोलणं बंद झालं. टेबलावर एकामागून एक मशीन यायची, मिस्त्रीचे हात फिरायचे, पॅकिंगवाली प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची. अडीच महिने हे चाललं. त्या दिवसांत मिस्त्री पुष्कळदा शांत असे. भाची मात्र रोज उरलेले खण मोजी आणि आणखी घाई करी, "मामा, अजून एक, एवढं एकच." एकदा तो इतका दमला की हातातला पाना त्याने जमिनीवर ठेवून दिला आणि म्हणाला, "पोरी, मी संपत चाललोय, आणि तुला दुकानाची पडलीय." तिने पाना उचलून टेबलावर ठेवला. दोघांचंही खरं होतं. तिच्यावर चार घरं अवलंबून होती, आणि तो तिचा मामा होता.

एका दुपारी पॅकिंगवालीने त्याच्यापुढे नेहमीची काळी मशीन ठेवली. मिस्त्रीने हात पुढे केला, चाकाला लावला आणि मागे घेतला.

"हे कोणाचं आहे?" त्याने विचारलं. "विचारल्याशिवाय हात लावू नये."

भाचीने कॅमेरा बंद केला. त्या दिवसानंतर तो लावला नाही.

भिंतीतले एक तृतीयांश खण चिठ्ठ्यांसकट राहिले. दुकान आता तेवढ्यावरच चालतं. वेबसाइटवर यादी आखूड झाली आहे. यादीबाहेरचं कोणी काही मागितलं तर भाची स्वतः लिहिते, की आमच्याकडे असेल, पण ते ओळखणारं माणूस आता नाही. पॅकिंगवाली मिस्त्रीच्या खुर्चीवर बसते. कामाला रुजू झालेल्या नव्या बाईला ती रोज तासभर शिकवते, काम कितीही तुंबलं तरी, आणि भाची त्या तासाला मध्ये येत नाही. बाकीचे खण कोणी उघडत नाही.

मिस्त्री घरी असतो. भाची रविवारी जाते, त्याच्याजवळ बसते. तो तिला बसायला जागा करून देतो आणि अदबीने विचारतो, काय बिघडलंय.