अप्पांचा खोकला आणि सुयांच्या बाई

अप्पांचा खोकला आषाढात सुरू झाला, तो दिवाळी झाली तरी थांबेना. कोरडा, वरवरचा खोकला. बोलता बोलता मधेच यायचा आणि त्यांचं वाक्य अर्धंच राहायचं. मी कलबुर्गीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. आई-अप्पा मादन हिप्परग्याला शेतीवर असतात. दिवाळीला गावी गेले आणि येताना दोघांना सोबतच घेऊन आले. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, थुंकी तपासली, रक्त तपासलं. टीबी नाही, दमा नाही. तोंडानं ओढायचा पंप दिला आणि थोडी वाट बघू म्हणाले.

आईचं निदान त्याआधीच झालं होतं. रानात भिजल्या अंगानं बसले, वारं लागलं, एवढंच तिचं म्हणणं. तिनं दही बंद केलं, केळं बंद केलं, फ्रिजला हात लावू देईना. मला हसू यायचं. वाऱ्यानं माणूस आजारी पडतो असं मुलांनी लिहिलं तर मी लाल पेननं खोडते.

आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या बाईंची पाठ सुया टोचून घेतल्यावर मोकळी झाली होती. चिनी पद्धतीचा उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे एकदा जाऊन तर या, असं त्या म्हणाल्या. गुण येईल असं काही मला वाटत नव्हतं. पण तिथं नेमकं काय विचारतात, काय बघतात, याची उत्सुकता मात्र होती. आधीचं औषध चालूच ठेवायचं ठरवून आम्ही गेलो.

डॉक्टरबाई मूळच्या उदगीरच्या, मराठी बोलणाऱ्या निघाल्या, त्यामुळं अप्पा लगेच सैलावले. बाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून इतका वेळ नाडी बघितली की मला वाटलं, मोजता मोजता आकडा विसरल्या. मग जीभ बघितली, तीही खिडकीच्या उजेडात. तहान लागते का, पाणी गार आवडतं का कोमट, घाम कधी येतो, झोपल्यावर अंगावर पांघरूण लागतं का, असं सगळं विचारलं. थंड काय नि गरम काय, हे आईच्याच तोंडचं वाटत होतं. आई माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसली.

मग बाई माझ्याकडं वळल्या. "यांचा आवाज पहिल्यापासून असाच बारीक हाय का?"

मी चपापले. अप्पांचा आवाज बारीक? गावात स्टँडवरच्या हॉटेलात ते बोलायला लागले की आमच्या गल्लीत ऐकू यायचं. शेजारच्या दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणारे एक चाचा आणि अप्पा रोज सकाळी तिथं चहा घ्यायचे नि अर्धी मराठी, अर्धी दखनी करत भांडायचे. पाऊस, राजकारण, तुरीचं बियाणं, काहीही पुरायचं. फोनवर अप्पा अलीकडं हळू बोलतात हे मला जाणवलं होतं, पण मी ते खोकल्याच्या खात्यावर टाकलं होतं.

"पावसाळ्याच्या तोंडाला कोण गेलं?" बाईंनी अप्पांना विचारलं.

"आमच्यात कुणी मेलं न्हाई."

"मेलं का, असं न्हाई विचारलं मी. गेलं कोण?"

अप्पांनी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं. त्यावर एक माणूस काढला होता आणि त्याच्या अंगभर रेघा होत्या. मग म्हणाले, "चाचा हैदराबादला गेले. लेकाकडं. दुकान बंद केलं." एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. आईनं पाणी पुढं केलं.

बाईंनी त्यावर काही शहाणपण सांगितलं नाही. केसाएवढ्या बारीक सुया मनगटापाशी आणि पायांवर टोचल्या. एका वाळक्या पाल्याची जाड कांडी पेटवून पाठीला लांबूनच ऊब दिली. अप्पा झोपले. तेवढ्यात मी माझे प्रश्न काढले.

त्यांच्या विद्येत, त्या म्हणाल्या, काही कारणं बाहेरून येतात: वारा, गारठा, ओल, ऊन, कोरडेपणा. काही आतून उठतात: राग, चिंता, भीती, दुःख. दुःख फुप्फुसाला धरतं, राग यकृताला. आनंदही त्या यादीत होता. आनंदानं माणूस कसा आजारी पडेल, मी विचारलं. प्रमाणाबाहेर गेला की हृदयाला सोसत नाही, त्या म्हणाल्या. डोंगराला उन्हाची बाजू असते नि सावलीची असते, दिवसभर ती सरकत असते. माणसातही तसंच. एकच बाजू अडून बसली की दुखणं.

मला ते पटत होतं असं नाही. वारा तर सगळ्या गावावर वाहतो, मी म्हटलं.

"मग सगळं गाव कामून खोकत न्हाई?" बाई म्हणाल्या.

याला माझ्याकडं पुस्तकातलं उत्तर होतं, प्रतिकारशक्तीचं. ते मी दिलंही. त्या मान हलवून म्हणाल्या, व्हय, तेच म्हणा. पण ती शक्ती याच माणसाची, याच पावसाळ्यात कामून कमी झाली, ते आम्ही विचारतो.

दर आठवड्याला आम्ही जात राहिलो. चाचांना फोन लावा, असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. एका सकाळी अप्पांनीच मला नंबर लावायला सांगितला.  व्हिडिओवर चाचांनी हैदराबादच्या चहाला नावं ठेवली, अप्पांनी मुद्दाम त्याची बाजू घेतली आणि दोघांची जुंपली. खोकला मधे येत होता, पण अप्पा त्याला न जुमानता बोलत होते.

संक्रांतीपर्यंत खोकला बराच ओसरला. सुयांनी, पंपानं, की हवा बदलल्यामुळं, मला सांगता येत नाही. छातीचे डॉक्टर म्हणाले, असा खोकला कधी कधी आपोआपही जातो. आई म्हणते, दही बंद केल्यामुळं.

गावी परतल्यावर अप्पांना नवाच नाद लागला. हॉटेलात येईल त्याला ते जीभ दाखवायला सांगतात. परवा मी गेले, तर माझी उजवी कूस, यकृताकडची, दुखतेय हे त्यांना आईकडून कळलेलं. जेवताना त्यांनी सहज विचारलं,

"तू कुणावर राग धरून बसलीयास का?"

मी नाही म्हटलं. मग भाकरी मोडता मोडता विचार करत राहिले.